कोळशाच्या पोटातला वायू आणि सूक्ष्मलहरींचा हिशेब

होटगी स्थानकाच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना कोळशाने भरलेल्या वाघिणी समोरून जाताना नेहमी दिसतात. जवळच एनटीपीसीचे 1320 मेगावॅटचे वीजकेंद्र आहे. आमच्या पायाखाली मात्र दख्खनचा काळा कातळ. कोळसा इथे पाहुणाच. या पाहुण्याने एक सोबती खाणीतच गमावलेला असतो. तो म्हणजे मिथेन वायू. तो कोळशातून अगोदरच काढून घेता आला तर इंधन मिळते, खाणकामगारांचा धोका कमी होतो आणि हवेत जाणारे प्रदूषणही टळते. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता अडवून धरतो. म्हणूनच सूक्ष्मलहरींनी, म्हणजे स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हच्या लहरींनी, हा वायू मोकळा करण्याच्या प्रयोगांबद्दल वाचले तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

वायू कोळशात राहतो कसा, हे आधी पाहू. फुग्यात हवा असते तसा तो मोकळा नसतो. कोळशाला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. एका ग्रॅममधल्या छिद्रांचा पृष्ठभाग शंभर चौरस मीटरच्या आसपास भरू शकतो. मिथेनचे रेणू या पृष्ठभागाला चिकटून असतात. दाब कमी झाला किंवा उष्णता वाढली की ते सुटतात आणि कोळशातल्या नैसर्गिक भेगांतून वाट काढतात. पण या भेगांत बहुधा पाणी भरलेले असते. म्हणून बोअर घेऊन आधी कित्येक महिने पाणी उपसावे लागते. भारतात या पद्धतीने वायूचे व्यापारी उत्पादन 2007 मध्ये पश्चिम बंगालच्या राणीगंज भागात सुरू झाले. मध्य प्रदेशातील सोहागपूरची भर 2017 मध्ये पडली. तिथेही अडचण एकच असते: भेगा अरुंद, त्यामुळे वायू सावकाश येतो.

सूक्ष्मलहरी इथे काय करतात? घरी एक साधा प्रयोग केला. मायक्रोवेव्हमध्ये एक पाण्याने भरलेली आणि एक रिकामी अशा चिनी मातीच्या दोन वाट्या एक मिनिट ठेवल्या. पाणी चांगले तापले. रिकामी वाटी जवळजवळ गारच राहिली. या लहरी पाण्याच्या रेणूंना हलवतात, कोरड्या पदार्थाला फारसे विचारत नाहीत. कोळशाचेही तसेच. आतले पाणी आणि लोहमाक्षिकासारखी खनिजे लवकर तापतात, उरलेला कोळसा मागे राहतो. एक भाग फुगतो, शेजारचा फुगत नाही, पाण्याची वाफ होऊन दाब वाढतो आणि कोळसा तडकतो. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फुटतात त्या याच वाफेच्या जोरावर. पेनसिल्व्हेनिया आणि नॉटिंगहॅम येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोळशाच्या नमुन्याचे सीटी स्कॅन लहरी देण्याआधी आणि नंतर घेतले. जुन्या भेगा रुंदावल्या होत्या, नव्या पडल्या होत्या. नमुना दाबाखाली धरला असतानाही.

आता खर्चाचा प्रश्न. एक टन कोळसा 100 अंशांनी तापवायला ढोबळमानाने 35 युनिट ऊर्जा लागते. त्यात 5 टक्के पाणी धरले तर त्याची वाफ करायला आणखी 31. लहरी तयार करतानाच तीसेक टक्के वीज वाया जाते असे मानले, तर टनामागे नव्वदच्या वर युनिट वीज खर्ची पडते. वायूने भरलेल्या चांगल्या थरातून टनाला 10 घनमीटर मिथेन मिळाला असे समजू. त्यातून उष्णता निघेल सुमारे 100 युनिट आणि वीज फार तर 40. म्हणजे चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला!

मग हा विचार सोडून द्यायचा का? माझ्या मते नाही. फक्त सगळा थर तापवायचा मोह सोडायचा. गड्ड्याच्या जत्रेतून निघालेली गर्दी मैदानात अडत नाही, फाटकाशी अडते. बोअरचेही तसेच आहे. चहूबाजूंनी येणारा वायू बोअरजवळ दाटतो. बोअरपासून पहिल्या मीटरमध्ये जेवढा दाब खर्च होतो, जवळजवळ तेवढाच पुढच्या नऊ मीटरमध्ये होतो. थर 5 मीटर जाडीचा असेल, तर बोअरभोवतीच्या एका मीटरच्या वेढ्यात जेमतेम वीस-बावीस टन कोळसा येतो. तो तापवायला दोन हजार युनिट पुरे, म्हणजे एखाद्या साध्या घराची वर्षभराची वीज. आणि त्या फाटकातून बाहेर पडणार असतो लाखो टन कोळशातला वायू. ही वाट मोकळी झाली तर वायूचा वेग सव्वा ते दीडपट होऊ शकतो. ती पाण्याने किंवा गाळाने तुंबलेली असेल तर फायदा आणखी मोठा.

सूक्ष्मलहरींची मर्यादाही हेच सुचवते. ओल्या कोळशात त्या काही सेंटिमीटरांतच विरतात. स्वयंपाकघरातल्या 2450 मेगाहर्ट्‌झऐवजी कारखान्यांत वापरतात त्या 915 मेगाहर्ट्‌झच्या लांब लहरी अधिक आत शिरतात आणि जवळचा कोळसा वाळत जाईल तसा पुढचा रस्ता खुला होतो. तरी बोअरचा शेजार हेच त्यांचे खरे क्षेत्र.

प्रयोगशाळेतला मूठभर नमुना आणि शेकडो मीटर खोलीवरचा थर यांत अंतर मोठे आहे. वरच्या खडकाच्या भाराने भेगा पुन्हा मिटू शकतात. हवेत मिथेन 5 ते 15 टक्के झाला की ठिणगी पुरते, म्हणून बोअरमध्ये हवा शिरू न देणे ही पहिली अट. 1958 च्या फेब्रुवारीत राणीगंज भागातील चिनाकुरी खाणीत याच वायूच्या स्फोटाने पावणेदोनशे माणसे गेली.

फलाटावरून पुढची कोळशाची गाडी जाताना मला तो आकडा आठवतो. खाण खोदण्याआधी वायू बाहेर काढणे हा केवळ इंधनाचा व्यवहार नाही. त्यासाठी सगळा डोंगर तापवायची गरज नाही. फाटक उघडले तरी पुष्कळ झाले.