मुलांचा मधुमेह आणि हरवलेला खेळाचा तास

मे महिन्यात आमच्या सोनगीरमध्ये तहान कोणाला लागत नाही? पारा बेचाळीसच्या वर गेला की मोठी माणसेही दिवसभर माठाजवळ घुटमळतात. त्यामुळे घरातले मूल सारखे पाणी मागू लागले, रात्री तीन-तीनदा लघवीला उठू लागले, तर त्याचे कोणाला विशेष वाटत नाही. आठ-दहा वर्षांचे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले तर त्याला रागावले जाते. पोटभर जेवूनही ते वाळू लागले की दादी म्हणते, "नजर लागली." मग दम करून पाणी पाजले जाते, ताविज बांधला जातो. दुआ जरूर करावी. पण खूप तहान, वारंवार लघवी, वजन घटणे आणि सतत थकवा ही चार लक्षणे एकत्र दिसली तर त्याच दिवशी मुलाच्या रक्तातली साखर तपासून घ्यावी. बोटावरच्या एका थेंबाची ही तपासणी मिनिटभरात होते.

उशीर महागात पडतो. साखर शरीरात वापरली जात नसली की शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात आम्ल साचते. मुलाला उलट्या होतात, पोट दुखते, श्वास जोरात चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो आणि शेवटी शुद्ध हरपते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये. सोनगीरहून धुळे वीसेक किलोमीटरवर आहे. मुलाला सरळ मोठ्या रुग्णालयात न्यावे.

एक नाव, दोन आजार

मधुमेह म्हणजे चाळिशीनंतरचा, जास्त गोड खाणाऱ्यांचा आजार, अशी आपली समजूत आहे. मुलांच्या बाबतीत ती फार नुकसान करते. मुलांमध्ये मधुमेहाचे मुख्यतः दोन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार टाइप-१. यात शरीराची संरक्षण व्यवस्था स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवरच हल्ला करते. हे मिठाई खाल्ल्याने होत नाही, आईच्या चुकीने होत नाही आणि एकापासून दुसऱ्याला लागतही नाही. अशा मुलाला बाहेरून इन्सुलिन घ्यावेच लागते. १९२२ च्या आधी या मुलांसाठी काहीही उपाय नव्हता. त्या वर्षी जानेवारीत कॅनडातल्या टोरांटो शहरात चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले आणि मृत्यूच्या दारातला मुलगा सावरला.

आपल्या घरांत एक शंका हमखास निघते, ती म्हणजे इन्सुलिन हलाल की हराम? पूर्वी ते गाय-बैल आणि डुकराच्या स्वादुपिंडापासून काढत, हे खरे आहे. पण १९८२ पासून जिवाणू आणि यीस्टच्या मदतीने मानवी इन्सुलिन तयार होऊ लागले. आज आपल्या मुलांना मिळणारे इन्सुलिन जवळजवळ सगळे याच प्रकारचे आहे. तेव्हा या शंकेपायी किंवा कोणाच्या जडीबुटीवर विसंबून इन्सुलिन बंद करणे म्हणजे मुलाच्या जिवाशी खेळणे आहे. अल्लाहने आजाराबरोबर त्याचा इलाजही ठेवला आहे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. मुलगी असेल तर "उद्या निकाह कसा जमेल" म्हणून तिचे इंजेक्शन लपवले जाते, शाळेतही सांगितले जात नाही. शाळेत तिची साखर अचानक उतरली तर बाईंना काय झाले तेच कळणार नाही. मग ही लपवाछपवी तिच्या काय कामाची?

दुसरा प्रकार टाइप-२. यात इन्सुलिन बनते, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही. पूर्वी हा मोठ्यांचाच आजार होता. आता तो किशोरवयातही दिसू लागला आहे. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते एकोणीस वयोगटातल्या साधारण दहापैकी एका मुलाची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. ही मुले आज आजारी नाहीत. त्यांना परत फिरवणे आपल्या हातात आहे.

बारीक दिसणारे मूलही

"आमचा मुलगा तर काडी आहे, त्याला कसला मधुमेह?" असे पालक म्हणतात. याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. पण वजनातली ही कमी मुख्यतः स्नायूंची होती. अंगातली चरबी मात्र तेवढी कमी नव्हती. म्हणजे आपले बाळ बाहेरून बारीक आणि आतून चरबीचे असते.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. गरोदरपणी ज्यांच्या शरीरात ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांची मुले सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांचे शरीर इन्सुलिनला कमी दाद देत होते. ब-१२ मिळते ते गोश्त, मासे, अंडी आणि दूध यांतून. आपण म्हणू, आमच्या घरात तर गोश्त शिजते. शिजते खरे, पण सर्वांना वाढून झाल्यावर सुनेच्या ताटात काय उरते, तेही पाहायला हवे. मुलाच्या आरोग्याची सुरुवात त्या ताटापासून होते.

खेळ म्हणजे वेळ वाया घालवणे नव्हे

जेवणातून आलेली साखर सर्वांत जास्त वापरतात ते आपले स्नायू. मूल धावते, उड्या मारते, तेव्हा हे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्या वेळी त्यांना इन्सुलिनही कमी लागते. रोज खेळणाऱ्या मुलाचे स्नायू वाढतात आणि शरीर इन्सुलिनला चांगली दाद देते. ज्या मुलांना जन्मतःच स्नायू कमी मिळाले, त्यांना तर खेळाची गरज इतरांहून जास्त आहे.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल असे खेळावे. २०१६ च्या आकड्यांनुसार जगातली अकरा ते सतरा वयाची ८१ टक्के मुले एवढे खेळत नव्हती. आपल्या मुलांचा दिवस पाहा. सकाळी मकतब, मग शाळा, मग ट्यूशन आणि रात्री मोबाइल. सगळे काही बसून. शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास असतो, पण परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो. मुलगी बारा वर्षांची झाली की तिचे पळणे-खेळणे जवळजवळ थांबतेच. पुढे जाऊन आई होणारी हीच मुलगी आहे, हे आपण विसरतो. प्रेषित (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, हे हदीसमध्ये आले आहे. पडद्याची काळजी घेऊन मुलींसाठी आवारात वेगळा तास ठेवता येतो. त्यांना खेळापासून तोडण्याचे कारण नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान असणे आवश्यक ठरवले आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत ही समिती सल्ला देण्यापुरती असते, पण सल्ला तरी द्यावा. पुढच्या बैठकीला अम्मींनी जावे आणि एकच प्रश्न विचारावा: खेळाचा तास खरोखर होतो का? मैदान लहान असले तरी लंगडी, खो-खो, लगोरी आणि दोरीवरच्या उड्यांना फार जागा किंवा खर्च लागत नाही. रविवारी फजरनंतर अब्बूंनी मुलांना घेऊन सोनगीरच्या किल्ल्यावर चढून यावे. तो तर आपल्या उशालाच आहे.

शाळेबाहेरच्या दुकानाकडेही पाहावे. थंड पेयाच्या अडीचशे मिलिलिटरच्या बाटलीत साधारण सहा चमचे साखर असते. मुलाने दिवसभरात घ्यावी त्या वरच्या साखरेची चांगली मर्यादा जवळपास तेवढीच आहे. डब्यात पाकिटाऐवजी भाकरी, अंडे, फुटाणे, शेंगदाणे, एखादे केळे द्यावे. खाण्यापिण्यात मर्यादा ओलांडू नका, ही कुरआनची ताकीद लहानांच्या डब्यालाही लागू आहे.

टाइप-१ च्या मुलाला बाजूला बसवू नका

ज्या मुलाला इन्सुलिन चालू आहे, त्याला काळजीपोटी खेळाच्या तासाला बाकावर बसवले जाते. त्याची गरज नाही. वसीम अक्रमला १९९७ मध्ये मधुमेह झाला आणि त्यानंतरही तो २००३ पर्यंत आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळला. एवढी खबरदारी मात्र घ्यावी:

- खेळण्याआधी साखर तपासावी. ती कमी असेल तर आधी काही खायला द्यावे. ती फार वाढलेली असेल आणि मुलाला बरे वाटत नसेल तर त्या दिवशी खेळ नको.
- दप्तरात आणि शिक्षकांकडे ग्लुकोजची पुडी किंवा साखर असावी.
- घाम, थरथर, एकदम भूक, चिडचिड, गोंधळलेली नजर ही साखर उतरल्याची खूण. लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, तडक रुग्णालय गाठावे.
- फ्रीज नसेल तर उन्हाळ्यात इन्सुलिनची बाटली कोरड्या डब्यात घालून, ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवावी. बर्फात ठेवू नये.

रमजानमध्ये अशा मुलाने मोठ्यांची पाहून रोज्याचा हट्ट धरला तर रागावू नये. आजाऱ्याला सवलत खुद्द अल्लाहने दिली आहे, हे त्याला प्रेमाने समजवावे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा नको.

औलाद ही आपल्याकडे अल्लाहची अमानत आहे. तिच्या शिक्षणासाठी आपण पोटाला चिमटा घेतो. त्याच मुलाला रोज एक तास मोकळे धावू देणे, हाही त्या अमानतीचाच भाग आहे. या आठवड्यात आपल्या मुलाच्या शाळेत जाऊन खेळाच्या तासाची चौकशी करा. आम्हीही आमच्या गावात करणार आहोत, इन्शाअल्लाह.