अस्थिव्यंगोपचारशास्त्रातील निवासी प्रशिक्षण (भंडारा जिल्हा)

अस्थिव्यंगोपचारशास्त्रातील निवासी प्रशिक्षण हे एम.बी.बी.एस. पदवीनंतरचे तीन वर्षांचे पूर्णवेळ पदव्युत्तर प्रशिक्षण होय. हाडे, सांधे, स्नायू, कंडरा आणि पाठीचा कणा यांच्या दुखापतींवर व विकारांवर उपचार करणारे शल्यचिकित्सक या प्रशिक्षणातून तयार होतात. शिक्षण घेत असतानाच निवासी डॉक्टर रुग्णसेवाही करतात. पूर्व विदर्भात असे प्रशिक्षण प्रामुख्याने नागपूर येथील वैद्यकीय महाविद्यालयांत मिळते. जिल्हा निवासी कार्यक्रमामुळे भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यांतील शासकीय रुग्णालयेही या प्रशिक्षणाच्या कक्षेत आली आहेत.

प्रवेश व अभ्यासक्रम

प्रवेश 'नीट-पीजी' या राष्ट्रीय परीक्षेतील गुणवत्तेनुसार होतो. अभ्यासक्रमाअखेर एम.एस. (अस्थिव्यंगोपचारशास्त्र) ही पदवी मिळते. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांसाठी ती नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी.एन.बी. ही समांतर पदवी आहे. विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो, केलेल्या कामाची नोंदवही ठेवावी लागते आणि शेवटी लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते.

प्रशिक्षणाचे टप्पे

पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरचा बराच वेळ अपघात विभागात व वॉर्डात जातो. प्लास्टर घालणे, निखळलेला सांधा बसवणे, वजन लावून हाड ताणून ठेवणे आणि जखमा धुणे ही कामे तो या काळात शिकतो. दुसऱ्या वर्षी तो वरिष्ठांच्या देखरेखीखाली तारा, पट्ट्या व सळया बसवण्याच्या शस्त्रक्रियांत भाग घेतो. तिसऱ्या वर्षी शस्त्रक्रियेचे नियोजन आणि कनिष्ठांना शिकवणे या जबाबदाऱ्या वाढतात. शस्त्रक्रिया केव्हा करू नये, हे ओळखणे हाही या शिक्षणाचा भाग मानला जातो.

जिल्हा निवासी कार्यक्रम

१६ सप्टेंबर २०२० च्या अधिसूचनेने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करणे बंधनकारक झाले. २०२३ च्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण नियमावलीतही ही तरतूद कायम आहे. हा कालावधी समाधानकारकपणे पूर्ण केल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. या काळात विद्यार्थी बाह्यरुग्ण विभाग, आंतररुग्ण विभाग, अपघात विभाग व रात्रपाळी येथे सेवा देतो.

भंडारा जिल्ह्यातील परिस्थिती

भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी हे सात तालुके आहेत. राष्ट्रीय महामार्ग ५३ भंडारा, लाखनी व साकोली येथून जातो. तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत, तर जिल्ह्याची शेती मुख्यतः धानाची आहे. त्यामुळे रस्ते अपघात, खाणकाम आणि शेतीकाम या तिन्ही कारणांनी होणाऱ्या दुखापती जिल्ह्यातील अस्थिव्यंगोपचाराच्या कामाशी निगडित आहेत.

भंडारा शहरापासून नागपूर सुमारे ६० किलोमीटर दूर आहे. लाखांदूर किंवा साकोलीकडील रुग्णाला हे अंतर आणखी लांब पडते. काही दुखापतींत हा वेळ निर्णायक ठरतो. हाड त्वचेबाहेर आलेल्या अस्थिभंगात प्रतिजैविके लवकर सुरू करावी लागतात. पोटरीतील किंवा हातातील स्नायूंच्या बंदिस्त कप्प्यात दाब वाढल्यास काही तासांतच स्नायू कायमचे निकामी होऊ शकतात. अशा वेळी आवरण तातडीने चिरून दाब कमी करावा लागतो. कोणत्या रुग्णावर तेथेच उपचार करायचे आणि कोणाला स्थिर करून पुढे पाठवायचे, हा निर्णय घेण्याचे शिक्षण जिल्हा रुग्णालयात प्रत्यक्ष मिळते.

सिकलसेल व हाडांचे विकार

पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींमुळे मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन ते झिजते व तरुण वयातच खुबा निकामी होऊ शकतो. सुरुवातीच्या काळात हा बदल साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाही. सिकलसेलच्या वेदनेचा झटका आणि हाडातील जंतुसंसर्ग यांची लक्षणे सारखी असल्याने निदान अवघड होते. शस्त्रक्रियेच्या वेळी अशा रुग्णाच्या शरीरातील पाणी, तापमान व प्राणवायू यांची विशेष काळजी घ्यावी लागते.

अडचणी

निवासी डॉक्टरांचे दीर्घ कामाचे तास हा जुना प्रश्न आहे. २०२३ च्या नियमावलीत वाजवी कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि वर्षाला २० नैमित्तिक रजा यांची तरतूद आहे. जिल्हा निवासी कार्यक्रमात निवासाची सोय व तज्ज्ञांची देखरेख हे मुद्दे महत्त्वाचे ठरतात. देखरेख नसेल, तर हा कालावधी शिक्षणाऐवजी केवळ मनुष्यबळाची भरपाई ठरण्याचा धोका असतो.

भंडारा येथील वैद्यकीय महाविद्यालय

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत भंडाऱ्याचा समावेश होता. या महाविद्यालयामुळे जिल्ह्यातच एम.बी.बी.एस. शिक्षणाची सोय झाली आहे.