टोकांना जाड, मध्ये बारीक

रोड सायकलचं चाक हाताने बांधून घेताना रिम आणि हबवर पुष्कळ विचार होतो. स्पोकची पाळी आली की मात्र बहुतेकांचा हिशेब एकच असतो: तार जितकी जाड तितकी टिकाऊ. म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत २ मिमी जाडीचा साधा स्पोक मागितला जातो, वजनदार माणसाकडून तर हटकून. माझं मत नेमकं उलट आहे. चाक वर्षानुवर्षं सरळ राहायला हवं असेल, तर मधला भाग बारीक ओढलेला स्पोक घ्यावा. त्याला बटेड म्हणतात: टोकांना २ मिमी आणि मध्ये १.८ किंवा १.५. हलकेपणासाठी त्याची जाहिरात होते आणि त्यातच त्याचा खरा गुण झाकला जातो. वजन वाचतं हे खरं आहे. पुढे २४ आणि मागे २८ स्पोकांच्या जोडीत साध्यांऐवजी १.५ मिमीचे घातले तर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास बचत होते. पण एक ग्रॅमही वाचला नसता, तरी मी हाच स्पोक सुचवला असता.

याचं कारण चाक भार कसा पेलतं यात आहे. बैलगाडीच्या चाकात जमिनीकडचा लाकडी आरा दाबला जातो आणि वजन घेतो. तारेला दाब सोसत नाही, ती वाकते; म्हणून सायकलचा स्पोक आधीच ताणून ठेवलेला असतो. मागच्या चाकात चेनच्या बाजूला ही ओढ साधारण १०० ते १२० किलो वजनाएवढी असते. स्वार बसला की रिमचा जमिनीलगतचा भाग किंचित आत दबतो, तिथल्या मोजक्या स्पोकांचा ताण उतरतो आणि बाकीच्यांचा जवळपास होता तसाच राहतो. कॅलिफोर्नियातले अभियंता जोब्स्ट ब्रँट यांनी १९८१ साली ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे आकडेमोडीने दाखवलं. चाक खालच्या स्पोकांवर उभं असतं, हे त्यांचं म्हणणं अजूनही वादाचा विषय आहे. तो वाद कसाही सोडवा, एक गोष्ट बदलत नाही: प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक स्पोक एकदा सैलावतो आणि पुन्हा ताणला जातो. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर, म्हणजे किलोमीटरला पावणेपाचशे फेरे आणि दहा हजार किलोमीटरला सत्तेचाळीस लाखांहून अधिक. स्पोकची परीक्षा या लाखो छोट्या हेलकाव्यांत होते. एखाद्या मोठ्या धक्क्याने चाक गेलंच, तर त्यात आधी रिम वाकते.

ताण थोडाबहुत उतरला तर बिघडत नाही. तो पूर्ण उतरला की गडबड सुरू होते: निपल, म्हणजे रिमजवळ स्पोक ताणणारं छोटं नट, आपोआप फिरून सुटू लागतं, शेजारच्या स्पोकांवर जादा भार येतो आणि चाक आऊट होतं. रिम किती दबेपर्यंत स्पोकमध्ये ताण टिकेल, हे तो बांधताना किती लांबला होता यावर ठरतं. इथे मागचं चाक डोळ्यांसमोर आणावं. कॅसेटला, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्यांना, जागा द्यायची म्हणून हबची उजवी कड चाकाच्या मध्यापासून जेमतेम १७-१८ मिमीवर येते, तर डावी ३५ मिमीच्या आसपास असते. रिम मध्यावर ठेवायची तर डाव्या स्पोकांचा ताण उजव्यांच्या निम्माच ठेवावा लागतो, म्हणजे ५५ किलोच्या आसपास. एवढ्या ओढीने २९० मिमी लांबीचा २ मिमी जाडीचा पोलादी स्पोक लांबतो फक्त पाव मिलीमीटर. निपलच्या एका पूर्ण फेऱ्यात स्पोक ०.४५ मिमी सरकतो. म्हणजे डाव्या बाजूची सगळी शाश्वती निपलच्या जेमतेम अर्ध्या फेऱ्यावर उभी आहे! मध्ये १.५ मिमी असलेला स्पोक त्याच ओढीने ०.४ मिमीच्या पुढे लांबतो. खड्ड्यातून जाताना सैल पडण्याआधी त्याच्या हाताशी जवळपास दीडपट-पावणेदोनपट अंतर शिल्लक असतं. मागच्या चाकाची डावी बाजू पुन्हा पुन्हा सैल होण्याच्या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं, आणि जास्त जाड तार घालून ती तक्रार वाढते.

बारीक तार तुटणार नाही का, हा प्रश्न रास्त आहे. पण तुटलेले स्पोक पाहिले तर ते मधोमध तुटलेले क्वचितच आढळतात. तुटतात ते हबच्या भोकातल्या वाकणीशी, नाहीतर निपलमधल्या आट्यांशी. १.५ मिमीचा मधला भाग चाकातल्या रोजच्या ताणाच्या दुपटीहून जास्त ओढ सहन करतो, कारण बारीक ओढताना तार थंडच ताणली जाते आणि त्याने पोलाद अधिक कणखर होतं. वाकणीशी मात्र धातू थकतो. तिथे तार घडवतानाच वाकवलेली असते, तिच्यात आतले ताण उरतात आणि त्यांवर लाखो हेलकाव्यांची भर पडते. मधला भाग लवचीक असला की खालचा भार अधिक स्पोकांत वाटला जातो आणि वाकणीपर्यंत पोचणारा हेलकावा सौम्य होतो. उत्पादकांचा अनुभवही हेच सांगतो. सामान लादून लांबचा प्रवास करणाऱ्यांसाठी स्वित्झर्लंडच्या डीटी स्विसने अल्पाइन थ्री काढला आणि बेल्जियमच्या सापिमने फोर्स. दोन्हींत जाडी वाढवली ती वाकणीकडच्या टोकाला. मधला भाग १.८ मिमीच ठेवला. जाडीच सर्वस्व असती तर ती मध्येही वाढवली असती. चाक बांधून झाल्यावर समांतर स्पोकांच्या जोड्या मुठीत धरून जोरात आवळायच्या, म्हणजे वाकणीतले उरलेले ताण निघून जातात. हे न करता दिलेल्या चाकात कितीही महाग स्पोक असले, तरी मी ते पूर्ण झालेलं मानत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप बाजूच्या लवचिकतेचा आहे. बारीक स्पोकांचं चाक चढावर उभं राहून पेडल मारताना डावी-उजवीकडे अधिक झुकतं, आणि रिम ब्रेक असेल तर पॅडला घासतंही. हे मान्यच करायला हवं. म्हणून दोन्ही बाजूंना सरसकट १.५ मी सुचवत नाही. चेनच्या बाजूला १.८, डावीकडे १.५, ही वाटणी मागच्या चाकाच्या रचनेला चपखल बसते. स्वाराचं वजन नव्वदच्या पुढे असेल तर स्पोकांची संख्या वाढवावी: २८ ऐवजी ३२ किंवा ३६, जोडीला भक्कम रिम. ताण वाढवला की चाक अधिक कडक होतं ही समजूतही सोडायला हवी. स्पोक सैल पडत नाहीत तोवर ताणाने कडकपणात जाणवेल असा फरक पडत नाही.

बांधणाऱ्या कारागिराचं गाऱ्हाणं वेगळं आहे आणि मला ते पटतं. निपल फिरवताना बारीक तार स्वतःच पिळली जाते, १.५ मिमीची तार २ मिमीच्या तारेपेक्षा तिप्पट सहज पिळते. हा पीळ रस्त्यावर सुटतो आणि नुकतंच सरळ केलेलं चाक पहिल्याच किलोमीटरला कुरकुरत आऊट होतं. त्यावर उपाय आहे: निपल हवं त्याहून थोडं पुढे फिरवायचं आणि तेवढंच मागे आणायचं. चपट्या स्पोकांचं, म्हणजे सापिमच्या सीएक्स-रे किंवा डीटीच्या एरोलाइटचं, मोठेपण मला इथे दिसतं. हे दोन्ही १.५ मिमीचेच स्पोक चपटे करून बनतात. पीळ डोळ्यांना दिसतो आणि खाचेच्या चिमट्याने पातं धरून ठेवता येतं. वाऱ्याचा विरोधही कमी होतो. सायकल ताशी ४० किमीने जाते तेव्हा चाकाचा माथा ८० च्या वेगाने हवा कापत असतो. वेळेशी शर्यत लावणाऱ्याने त्यासाठी कित्येक पट किंमत जरूर मोजावी. रोजच्या सरावाला आणि लांब पल्ल्याला गोल बटेड स्पोक तितकाच टिकतो.

महाराष्ट्रात ६०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेतली लांब पल्ल्याची फेरी, ४० तासांत पुरी करायला निघणारे विचारतील की रात्री घाटात स्पोक तुटला तर हा मिळणार कुठे? गावातल्या दुकानात साधा स्पोक मिळेल, पण तो तिथल्या साध्या सायकलीच्या मापाचा. रोड सायकलच्या चाकाला दोन-तीन मिलीमीटरचा फरकही चालत नाही, तेव्हा जाड स्पोक निवडूनही ती अडचण सुटत नाही. पुढचं चाक, मागची उजवी आणि मागची डावी बाजू अशा तिन्ही लांबींचे दोन-दोन स्पोक निपलसह फ्रेमच्या नळीला चिकटपट्टीने बांधून न्यावेत, आणि चाक बांधणाऱ्याकडून त्या लांबी लिहून घ्याव्यात.