सुटींतील सकाळचा पाठ

शाळांस उन्हाळ्याची सुटी लागली, कीं मुलांचें काय करावें हा प्रश्न प्रत्येक एकत्र कुटुंबांत उभा राहतो. दुपारीं पत्ते, रात्रीं दूरचित्रवाणी व मध्यंतरीं आंबे, एवढ्यावर दीड-दोन महिने काढणें मुलांसही जड जातें. आम्ही गेलीं कांहीं वर्षें एक साधा उपाय करीत आलों आहों, तो वाचकांपुढें ठेवितों. आठवड्यांतून दोन दिवस पहाटे मुलांस घेऊन टेकडीवर किंवा तळ्याकांठीं जावें आणि दहाच्या आंत घरीं परतावें. पुणेंकरांस वेताळ टेकडी व पाषाणचा तलाव सोयीचा आहे. अन्य गांवींही एखादा माळ वा पाणवठा असतोच.

या फेरीचा क्रम सृष्टीनेंच लावून दिलेला आहे. पहिला वेळ पक्ष्यांचा. ऊन चढलें म्हणजे ते सावली धरून गप्प बसतात. म्हणून सूर्योदयास तेथें हजर असावें. 'कुहू' असें गाणारा कोकिळ काळाभोर नर असतो. मादी ठिपकेदार व तिचा स्वर निराळा, हें मुलांस प्रत्यक्ष दाखवावें. संस्कृतांत कोकिळास 'परभृत', म्हणजे दुसऱ्यानें पोसलेला, असें म्हणतात. कावळ्याच्या घरट्यांत वाढणाऱ्या या पक्ष्याकडे आपल्या पूर्वजांचें किती बारीक लक्ष होतें, हें त्या एका शब्दावरून कळतें.

ऊन तापलें, कीं फुलपाखरांची वेळ. आधीं पंख पसरून तीं ऊन खातात व अंग ऊबदार झाल्यावर उडूं लागतात. त्यांच्यासाठीं दूर जाण्याचीही गरज नाहीं. परसांतील लिंबाच्या वा कढीलिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळल्यास गृहिणींनीं ती चिरडूं नये. पुढें ती हिरवी होईल, कोशांत जाईल आणि घरांतील मुलें तिचें फुलपाखरूं झालेलें डोळ्यांनीं पाहतील. महाराष्ट्रानें २०१५ सालीं राज्याचें फुलपाखरूं म्हणून निवडलेली राणी पाकोळीही याच कुळांतली.

परततांना पाण्याशीं थांबून चतुर पाहावेत. बसतांना पंख आडवे पसरतो तो चतुर. पाठीवर मिटून घेते ती बहुधा टाचणी. दोघांचेंही बालपण पाण्यांत जातें व तेथें तीं डासांच्या अळ्या खातात. यास्तव गांवचें तळें बुजविणें म्हणजे फुकटचा पहारेकरी घालविणें होय. यांतील एक पिवळसर चतुर हिंदुस्थानांतून मालदीव बेटांवरून समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जात असावा, असें चार्ल्स अँडरसन यांनीं २००९ सालीं मांडलें.

आतां मुख्य सांगणें. उन्हाळा हा टिटवीच्या विणीचा काळ. ती उघड्या माळावर खड्यांमध्यें साधारणतः चार अंडीं घालते. तीं खड्यांच्याच रंगाचीं असल्यानें सहसा दिसत नाहींत. कडक उन्हांत ती पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून येते व अंड्यांस गारवा देते. तिचें ओरडणें अशुभ मानण्याची रूढी कित्येक घरांत अजून आहे. वस्तुतः तो आईचा धांवा असतो.

गेल्या वैशाखांत आमच्या नातवंडांस असें एक स्थळ सांपडलें. मुलें छायाचित्र घेण्यास पुढें सरसावलीं, तों पक्षीण डोक्यावर घिरट्या घालीत आक्रोश करूं लागली. आम्हीं सर्वांस शंभर पावलें मागें नेऊन बसविलें. घटकाभरानें ती अंड्यांवर परतली. तेव्हां थोरली नात म्हणाली, "आजोबा, आपण आलोंच नसतों तर ती उठलीच नसती!"

प्रश्न योग्य आहे, व प्रत्येक पालकानें तो मनाशीं विचारावा. आमचें मत असें, कीं जो माळ कोणी पाहिलाच नाहीं, त्याचा राखणदार कोणी होत नाहीं. तथापि पाहणारानें मर्यादा पाळलीच पाहिजे. घरट्यास हात लावूं नये, एकाच घरट्याकडे रोज जाऊं नये, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्यास फसवूं नये, जाळें तर घेऊंच नये. एक वही, एक पेन्सिल आणि सर्वांत मिळून एक दुर्बीण पुरे. घरीं आल्यावर तारीख, स्थळ व पाहिलेलें मुलांनीं स्वतः लिहावें, आणि वडीलधाऱ्यांनीं तें आस्थेनें वाचावें.