कुंडीतील घायपात आणि छत्तीसगडचा पावसाळा

मे महिन्यात भिलाईच्या पावर हाउस भागात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा गच्चीवरील बहुतेक कुंड्या माना टाकतात. घायपात मात्र ताठ उभा असतो. त्याच घायपाताची पाने ऑगस्टमध्ये बुडाशी मऊ व पिवळट होऊन गळू लागतात. याचे कारण त्याच्या शरीररचनेत आहे. मूळच्या मेक्सिकोतील या वनस्पतीची पर्णरंध्रे प्रामुख्याने रात्री उघडतात व पाण्याचा साठा मांसल पानांत राहतो. मुळे उथळ असल्याने सरीचे पाणी ती झटकन शोषतात, पण साचलेल्या पाण्यात गुदमरून कुजतात. दुर्ग-भिलाई पट्ट्यात वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो.

म्हणून सगळी मेहनत कुंडी भरतानाच घ्यावी. येथे ‘कन्हार’ म्हणून ओळखली जाणारी काळी चिकण माती कुंडीत घालू नये. ‘भाठा’ ही मुरमाड लाल माती चालते. दोन भाग जाड वाळू किंवा बारीक खडी, एक भाग विटांचा चुरा, एक भाग माती व मूठभर चांगले कुजलेले शेणखत हे मिश्रण समाधानकारक ठरते. भट्टीची राख फुकट मिळते म्हणून मिसळण्याचा मोह टाळावा. तिचे सूक्ष्म कण निचरा बंद करतात. कुंडी मातीची, पसरट व तळाला मोठे छिद्र असलेली असावी. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी, तर थंडीत तीन-चार आठवड्यांनी एकदा पाणी पुरे. पावसाळ्यात कुंडी छपराखाली, परंतु उजेडात सरकवावी व पाणी बंद ठेवावे. कुज दिसताच झाड उपटून सडका भाग निरोगी पेशींपर्यंत कापावा, आठवडाभर सावलीत सुकवावे आणि कोरड्या मिश्रणात पुन्हा लावावे. पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण आढळल्यास स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढणे फवारणीपेक्षा सोपे.

हे झाड आपल्याला नवे नाही. ब्रिटिश काळात रेल्वेमार्गांच्या कडेने कुंपण म्हणून घायपात लावला जाई. पावर हाउस स्थानकावरून जाणाऱ्या हावडा-मुंबई मार्गावरच ओडिशातील बामरा लागते. तेथे बराकपूरच्या केंद्रीय ताग व संलग्न तंतू संशोधन संस्थेचे सिसल संशोधन केंद्र आहे. सिसल म्हणजे दोराचा वाख देणारा घायपात. हे नाव मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावरील सिसल बंदरावरून पडले. शेताच्या बांधावर सिसल शोभतो, गच्चीवर मात्र त्याचा पसारा आवरत नाही. घरासाठी ‘व्हिक्टोरिया रेजिने’ ही आटोपशीर जाती अधिक योग्य. बिनकाट्यांची ‘अटेन्युएटा’ लहान मुलांच्या घरी बरी, पण तिला येथील दुपारचे ऊन सोसत नाही, पाने भाजतात.

विस्तार कार्यकर्त्यांनी एक इशारा आवर्जून द्यावा. घायपात आणि कोरफड दिसायला जवळची असल्याने अनेकदा गल्लत होते. घायपाताच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. रस लागल्यास त्वचेची आग होऊन फोड येतात. कोरफड समजून तो पिऊ वा चेहऱ्याला लावू नये. कोरफडीचे पान मोडल्यावर पारदर्शक गर निघतो, घायपाताचे पान मात्र चिवट धाग्यांमुळे सहज तुटतच नाही. छाटणी करताना हातमोजे व चष्मा वापरावा. कुंडी ये-जा करण्याच्या वाटेवर असेल, तर पानांची टोकदार अग्रे नखकात्रीने बोथट करावीत. झाडाला इजा होत नाही.

बुडाशी येणारी पिल्ले फेब्रुवारी-मार्चमध्ये धारदार सुरीने वेगळी करावीत, पाच-सात दिवस सावलीत वाळवावीत व लावल्यावर आठवड्याने पहिले पाणी द्यावे. बहुतेक जातींचे झाड आयुष्यात एकदाच फुलते आणि नंतर वाळते. सिसलच्या फुलदांड्यावर शेकडो कंदिका धरतात. त्या गोळा करून वाफ्यात लावल्या की बांधासाठी रोपे विकत घ्यावी लागत नाहीत.