जीआय बिल : माजी सैनिकांच्या शिक्षणाची आठ दशके

पहिल्या महायुद्धात लढलेल्या अमेरिकी सैनिकांना कबूल केलेला बोनस 1945 मध्ये मिळायचा होता. मात्र महामंदीत होरपळलेल्या हजारो माजी सैनिकांनी तो आधीच मिळावा म्हणून 1932 मध्ये वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकला, तेव्हा त्यांना लष्कराकरवी हुसकावून लावण्यात आले. ती नामुष्की पुन्हा ओढवू नये, ही धास्ती ज्या कायद्यामागे होती, त्यावर अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 22 जून 1944 रोजी सही केली आणि अमेरिकी फौजेतील साध्या शिपायाला रूढ असलेल्या ‘जीआय’ या नावावरून तो ‘जीआय बिल’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

या कायद्यानुसार वर्षाला 500 डॉलरपर्यंतचे शुल्क सरकार थेट शिक्षणसंस्थेला देई, तर निर्वाहासाठी एकट्या सैनिकाला दरमहा 50 आणि कुटुंबवत्सलाला 75 डॉलर मिळत. अशा भरतीने विद्यापीठांचा दर्जा घसरेल, ही शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट हचिन्स यांच्यासारख्यांची भीती फोल ठरली; 1947 मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी जवळपास निम्मे माजी सैनिक होते. योजनेचा लाभ घेतलेल्या सुमारे 78 लाखांपैकी 22 लाख महाविद्यालयांत गेले, उरलेल्यांनी इतर शाळांत किंवा प्रत्यक्ष कामावर प्रशिक्षण घेतले. कायद्यात वर्णभेद नव्हता, तरी दक्षिणेकडील राज्यांत अंमलबजावणी स्थानिक गोऱ्यांच्या हाती असल्याने कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला फार थोडे आले.

सरकारी पैशावर डोळा ठेवून काही संस्थांनी शुल्क फुगवल्यामुळे, कोरियन युद्धाच्या काळातील 1952 च्या कायद्याने शुल्क व निर्वाह मिळून दरमहा 110 डॉलर सैनिकाच्याच हाती दिले. त्याने लबाडीला आळा बसला, पण महागडी खासगी विद्यापीठे अनेकांच्या आवाक्याबाहेर गेली. ऑगस्ट 2009 पासून लागू झालेल्या ‘पोस्ट-9/11’ कायद्याने शुल्क पुन्हा थेट संस्थांकडे वळवले, घरभत्ता दिला आणि ठरावीक अटींवर लाभ पत्नी, पती वा मुलांच्या नावे करण्याची मुभाही दिली. नफ्यासाठी चालणाऱ्या महाविद्यालयांना संघराज्याच्या शिक्षण-निधीतून 90 टक्क्यांपर्यंतच उत्पन्न घेता येई. परंतु सैनिकांचे पैसे या हिशेबात धरले जात नसल्याने त्यांनी सैनिकांनाच गाठले, आणि ही पळवाट 2021 च्या कायद्याने बुजवण्यात आली.

मदतीच्या रकमेइतकेच, ती कोणाच्या हाती पडते आणि तिच्यावर कोणाची देखरेख असते, यावरही अशा योजनेचे यश ठरते, हे या आठ दशकांनी सिद्ध केले आहे.