सांडलवंड

१९९० सालची गोष्ट. इंग्लंडमधल्या एका घरी गप्पांची बैठक जमली होती. त्या घरातलं नुकतं चालायला लागलेलं मूल हातात ब्लॅककरंटच्या रसाचा पेला घेऊन हिंडत होतं. पेला कलंडला आणि फिकट रंगाच्या गालिच्यावर जांभळा डाग पडला. पाहुणी म्हणून आलेल्या मँडी हॅबरमन यांच्या डोक्यात त्या डागावरूनच विचार सुरू झाला. मुलाने प्यायचं थांबवलं की तोंड आपोआप मिटेल असा पेला का असू नये?

त्यातून झाकणात पातळ, चिरेची झडप असलेला कप निघाला. मूल ओढतं तेव्हा चीर उघडते, सोडलं की मिटते. कप उलटा धरा, हलवा, एक थेंब गळत नाही. एका मोठ्या ब्रिटिश दुकानसाखळीला तो विकायचा होता, तेव्हा बाईंनी रसाने भरलेला कप पांढऱ्या खोक्यात घालून सरळ टपालाने पाठवला, अशी हकिगत सांगितली जाते. खोकं पांढरंच पोचलं. १९९६च्या सुमारास ‘एनीवेअप’ हा कप बाजारात आला. पुढे नक्कल झाली, खटला झाला आणि १९९९ साली न्यायालयाने पेटंट बाईंचंच, असा निवाडा दिला. आज आपण ज्याला सरसकट ‘सिपर’ म्हणतो, त्यातल्या ‘न सांडणाऱ्या’ जातीचं हे एक घराणं. अमेरिकेत त्याच सुमारास असेच कप वेगळ्या वाटेने निघाले होते.

पण मला या गोष्टीतला त्याआधीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १९८० साली हॅबरमनबाईंना मुलगी झाली, ती ‘स्टिकलर सिंड्रोम’ घेऊन आणि दुभंगलेली टाळू घेऊन. अशा बाळाला ओढताच येत नाही. भुकेने रडणारं बाळ आणि समोर भरलेली बाटली, हे बघत बसायची पाळी आईवर आली. त्यांनी काही वर्षं खपून एक बाटली तयार केली. तिच्या बोंडाला ओढावं लागत नाही. हिरड्यांनी नुसतं दाबलं तरी दूध येतं. १९८७पासून ‘हॅबरमन फीडर’ दुभंगलेल्या टाळूच्या बाळांसाठी रुग्णालयांत वापरात आली. म्हणजे याच बाईंची पहिली वस्तू मुलाची ओढायची सक्ती काढून घेते आणि दुसरी ओढल्याशिवाय थेंब देत नाही. पहिली बाळासाठी होती. दुसरी गालिच्यासाठी.

हे सगळं मी शोधत बसले ते भाचीमुळे. तिचा मुलगा सात महिन्यांचा झाला, उष्टावण उरकलं आणि एका रात्री तिने फोनवर नऊ कपांचे फोटो पाठवले. ‘मावशी, यातला कुठला?’ चोचीचा, नळीचा, कुठूनही पिता येणारा ‘थ्री सिक्स्टी’, दोन कानांचा, तळाला वजन लावलेला. शे-दीडशेपासून हजार-बाराशेपर्यंत. मी आपली लिहून मोकळी झाले, ‘घरातलं छोटं फुलपात्र घे.’ तिचं उत्तर आलं, ‘ते सांडतं.’

सांडतं हे खरंच. आमच्या लहानपणी शहाबादी फरशी होती. सांडलं की कोपऱ्यातलं फडकं फिरायचं आणि विषय संपायचा. भाचीकडे कापडी सोफा आहे, गाडीत मुलाची खुर्ची आहे, सकाळी पावणेनऊला पाळणाघर आहे. गालिचा तिच्याकडेही आलाय, फक्त वेगळ्या रूपात. त्यामुळे तिला हसण्यात अर्थ नव्हता.

तरीही आधी बाळाच्या तोंडात काय चालतं ते बघावं. अंगावर पिणारं बाळ जीभ पुढे-मागे करून दूध खेचतं. सहाव्या महिन्यानंतर, वरचं अन्न सुरू झालं की जिभेला नवं काम शिकायचं असतं. टोक वर, टाळूकडे न्यायचं, घोट मागे ढकलायचा आणि ओठ मिटून धरायचे. पेल्याच्या कडेवरून पिताना हे आपसूक घडतं. वरचा ओठ खाली येतो, पाणी किती आलं ते कळतं, जास्त आलं तर ठसका लागतो आणि पुढच्या वेळी पेला कमी कलता होतो. कडक चोच मात्र नेमकी जिभेच्या टोकाच्या जागी बसते आणि झडप असेल तर पुन्हा ओढणंच आलं. म्हणजे बाटली सुटली असं आई समजते आणि मूल वेगळ्या रंगाची बाटलीच पीत असतं. चोचीमुळे बोलणं बिघडतं असं काही वाचा-उपचारतज्ज्ञ सांगतात. ते पक्कं सिद्ध झालेलं नाही आणि त्यावरून आयांना घाबरवू नये. नळीचा कप त्या मानाने बरा. नळीने पिताना ओठ आवळावे लागतात आणि जीभ मागे राहते.

दातांची बाब वेगळी, तिथे संशयाला जागा नाही. तोंडात गोड काही गेलं की जंतू त्याचं आम्ल करतात. तोंडातला सामू ५.५च्या खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजं सुटायला लागतात. लाळ ते सावरते, पण तिला वीस-तीस मिनिटं लागतात. मुलाने दूध वाटीने पाच मिनिटांत संपवलं, तर लाळेला वेळ मिळतो. तेच दूध किंवा फळांचा रस सिपरमध्ये घालून मूल दुपारभर घोट-घोट घेत हिंडलं, तर लाळ कधीच पुरी पडत नाही. किडतात ते आधी वरचे पुढचे दात. खालचे जीभ आणि लाळ झाकून ठेवतात. दुधाचेच तर दात, पडणारच आहेत, असं म्हणणाऱ्या आज्यांनी तीन वर्षांच्या मुलाला भूल देऊन दात काढताना एकदा बघावं. न सांडणाऱ्या कपाचा खरा दोष हाच. तो सांडत नाही म्हणून कोणी काढून घेत नाही. त्यात पाणी घातलं तर हा सगळा परिच्छेद फुकट.

हिंडताना पिण्याचा दुसरा धोका पडण्याचा. १९९१ ते २०१० या वीस वर्षांत अमेरिकेतल्या तातडीच्या विभागांत बाटली, चोखणी किंवा सिपरमुळे इजा झालेली तीन वर्षांखालची मुलं किती आली, याचा अंदाज ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकाने २०१२मध्ये छापला. आकडा ४५,३९८. त्यातली सुमारे ८६ टक्के मुलं पडली होती, बहुतेकांना तोंडालाच लागलं होतं. बसून पी, हे आपल्या घरातलं वाक्य तिथे एका आकडेवारीच्या तळाशी येऊन बसतं.

आणखी एक गोष्ट बालरोगतज्ज्ञ सांगून थकतात. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास दूध पुष्कळ झालं. सिपर हाताशी असला की दूधच पोट भरतं आणि भाकरी-वरण तसंच राहतं. दुधात लोह नगण्य. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणं गरिबीपासून जंतांपर्यंत अनेक आहेत, सगळं खापर कपावर फोडता येणार नाही. पण ‘काही खात नाही हो, नुसता दुधावर आहे’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या आईच्या पिशवीत बहुधा सिपर असतोच.

चोच असलेलं भांडं काही हॅबरमनबाईंनी शोधलेलं नाही. जर्मनीत बव्हेरियामधल्या लहान मुलांच्या थडग्यांत मातीची इवलीशी तोटीची भांडी सापडली. त्यांना चिकटलेल्या अंशात गायी-शेळ्यांसारख्या जनावरांचं दूध असल्याचं ब्रिस्टल विद्यापीठाच्या ज्युली डन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं. कांस्ययुग आणि लोहयुगातली ही भांडी. आपल्याकडे बोंडलं होतं. ‘अजून बोंडल्यानं दूध पितोस का?’ हा टोमणा ऐकलेल्या कित्येकांनी प्रत्यक्ष बोंडलं पाहिलेलं नसतं. तोटीची लहानशी वाटी, तिने बाळाच्या ओठाशी वरचं दूध लावायचं. तमिळ मुलखात तिची बहीण आहे, पालाडै. नवजात बालकांच्या कक्षांत आज ती देशभर दिसते. ३२-३४ आठवड्यांतच जन्मलेलं, ओढायची ताकद नसलेलं बाळ तिने किंवा वाटी-चमच्याने पाजतात.

पालाडैवर तपासण्याही झाल्या आहेत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय डॉक्टरांच्या चाचणीत बाटली, कप आणि पालाडै यांत पालाडै सरस ठरली. बाळं कमी वेळात जास्त दूध प्यायली आणि शांत राहिली. २००७मध्ये ब्रिटनमध्ये अकाली जन्मलेल्या बाळांवर तिची परीक्षा झाली, तर बाटलीपेक्षा वेळ जास्त लागला आणि दूधही जास्त सांडलं. दोन्ही निकाल खरे असू शकतात. पालाडै धरणारा हात सरावलेला आहे की नाही, हे मापात येत नाही, एवढाच मी त्याचा अर्थ लावते.

आता इथे ‘आपलं जुनं तेच सोनं’ असं लिहून टाकणं सोपं होतं. दिवाळी अंकाला शोभलंही असतं. पण पुण्यातच त्याच्या विरुद्ध पुरावा आहे आणि तो फार दुःखद आहे.

गेल्या शतकात महाराष्ट्रासह देशाच्या अनेक भागांत एक ते तीन वर्षांची मुलं यकृताच्या एका आजाराने दगावत. पोट फुगायचं, मूल चिडचिडं व्हायचं, कावीळ व्हायची आणि काही महिन्यांत जायचं. ‘लिव्हर वाढलंय’ एवढंच घरी कळायचं. एकाच घरात एकामागून एक दोन मुलं गेल्याच्या कथा असत. या मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड साठलेलं असे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह त्याचा माग काढला. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी बोट दाखवलं ते स्वयंपाकघराकडे. आईचं दूध लवकर तुटलं आणि गायी-म्हशीचं दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवून, ठेवून बाळाला दिलं गेलं. पितळेत तांबं असतंच. दुधातलं केसिन ते धरून ठेवतं. १९८७मध्ये त्यांनी आजारी मुलांचा आणि तशाच निरोगी मुलांचा दुधाचा इतिहास शेजारी-शेजारी मांडला आणि संशय घट्ट झाला. काही घराण्यांत मुळातच कल असावा का, यावर वाद राहिला. पण पितळ मागे पडलं, स्टील आलं आणि आजार इतका ओसरला की आजच्या तरुण डॉक्टरांना तो पुस्तकातच भेटतो.

कल्हई शाबूत असेल तोवर पितळ दुधाला थेट लागत नाही. कल्हई उडाली की लागतं आणि कल्हईवाला वर्षाकाठी एकदा यायचा. बाळाला पाजणाऱ्या आईला भांड्याच्या आतली ती पिवळी झाक दिसली असेल, तिने ते घासून लखलखीत केलं असेल. सणाला ‘पारंपरिक’ म्हणून तांब्याचा बाळपेला भेट द्यायची टूम हल्ली निघाली आहे. त्यात दूध घालू नये.

प्लॅस्टिकने नंतर आपली कथा लिहिली, ती थोडक्यात सांगते. पॉलिकार्बोनेटच्या टणक, काचेसारख्या बाटल्यांतून बिस्फेनॉल-ए सुटतं म्हणून युरोपने २०११मध्ये त्या थांबवल्या. अमेरिकेने २०१२मध्ये बाळांच्या बाटल्यांबरोबर न सांडणारे कपही त्या नियमात घातले. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १४६२५ : २०१५ या मानकाने बाटल्यांसाठी तोच मार्ग धरला. दुधाच्या बाटल्यांची जाहिरात आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंद आहे. सिपरच्या जाहिराती मात्र सर्रास दिसतात.

झडपेचं म्हणाल तर २०१६मध्ये अमेरिकेत एका नामवंत ब्रँडचे सुमारे ३१ लाख कप परत बोलवावे लागले. झडप एकसंध होती, उघडून धुता येत नव्हती आणि आत बुरशी धरत होती. ज्या चिरेमुळे थेंब बाहेर येत नाही, तिच्या मागे दुधाचा अंशही अडकून राहतो. आपल्या दमट पावसाळ्यात त्याचं काय होत असेल ते मुंबई-कोकणच्या आयांना सांगायला नको. दुकानात कप घेताना मी आता एकच गोष्ट करते. झाकण पूर्ण सुटं करून बघते. बोटाला न लागणारा कोपरा राहिला, तर कप परत ठेवते.

भाचीने शेवटी दोन वस्तू घेतल्या. गाडी आणि पाळणाघरासाठी नळीचा कप, त्यात फक्त पाणी. घरी स्टीलचं लहान फुलपात्र, तळाला दोन घोट दूध, मांडीवर बसवून. पहिल्या आठवड्यात अर्धं लाळेऱ्यावर, पाव जमिनीवर. दसऱ्याला मी गेले तेव्हा तो नऊ महिन्यांचा होता. फुलपात्र दोन्ही हातांनी धरून त्याने कड ओठाला लावली, एक घोट घेतला, ठसकला, माझ्याकडे रागाने पाहिलं आणि उरलेलं शांतपणे फरशीवर ओतून त्यात तळवा आपटला. मी सवयीने फडकं घ्यायला उठले.

‘थांब गं मावशी,’ भाची म्हणाली, ‘अजून एक घेईल.’ आणि तिने फुलपात्रात पुन्हा दोन घोट ओतले.